डाव्या हाताची भिंगरी

पातं सुटलं... आणि तिच्या तोंडून "अगं बाई!" निघायच्या आत समोरच्या वाचनालयाचं तावदान खळ्ळकन फुटलं.

मग सगळं चिडीचूप. वारासुद्धा दचकल्यासारखा थबकला. ती गच्चीच्या कठड्याआड मटकन खाली बसली आणि दूध पिणाऱ्या मांजरासारखे तिने डोळे गच्च मिटून घेतले. आपल्याला कुणी दिसलं नाही, म्हणजे आपणही कुणाला दिसलो नाही!

पण खाली शिडी सरकल्याचा आवाज आला. रस्ता ओलांडणारी पावलं आली. मग जिना वाजू लागला... सावकाश, चाचपत, एकेक पायरी. तिच्या घराचा जिना भर दुपारीही काळोखाने भरलेला, त्यात वीज गेलेली. मधल्या वळणावर "आई गं!" असं कळवळून ऐकू आलं, तेव्हा तिला कळलं की पाहुण्याचं कपाळ आणि वळणावरची तुळई यांची ओळख झाली. नव्या माणसाची ती तिथेच होत असे.

दारात तो उभा राहिला तेव्हा एका हाताने कपाळ चोळत होता. दुसऱ्या हातात वाकलेलं पत्र्याचं पातं होतं. केसांत काचेचा चुरा असा चमकत होता, जसा कुणी मुद्दाम माळला असावा.

"हे... तुमचं का?"

"कुठे सापडलं?" तिने जमेल तितक्या भोळेपणाने विचारलं.

"कवितांच्या कपाटाखाली. जाताना माझं तावदान घेऊन गेलं. नुकतंच बसवलं होतं हो! काचेच्या कडेची लांबी अजून ओली होती, माझ्या अंगठ्याचा ठसासुद्धा वाळला नव्हता."

"कुणाला लागलं का?"

"एका आजोबांची झोप मोडली. वर्तमानपत्र तोंडावर घेऊन निजले होते. उठून म्हणाले, चला, निदान हवा तरी आली."

तिला हसू आवरेना. आणि हसू आवरेना म्हणून राग आला. चूक आपली आणि हसतोही आपणच, हे काही बरं नव्हे. पण तोही हसत होता. त्याचे डोळे मात्र तिच्यावर नव्हते. गच्चीच्या मधोमध लोखंडी खांबावर बसवलेल्या त्या विचित्र लांबोड्या यंत्राकडे तो बघत होता. त्याला शेपूट होतं, मोटारीचा जुना दांडा होता, आणि जुन्या पिंपाच्या पत्र्याची दोन पाती. तिसरं त्याच्या हातात.

"हे काय म्हणायचं?"

"पवनचक्की. वाऱ्यावर वीज करायची आहे मला."

"कशासाठी?"

"सूड म्हणून," ती म्हणाली.

आणि हे अगदी खरं होतं. त्या गावात वारा पाहुण्यासारखा येत नसे, घरजावयासारखा राहत असे. आदळआपट करायचा, रुसायचा, भांडी पाडायचा, पण जायचं नाव काढायचा नाही. दुपार कलली की त्याला चेव यायचा. फांद्या तारांवर आपटायच्या आणि गावाची वीज जायची ती दिवेलागणीनंतरच परतायची. खालच्या मजल्यावर तिच्या बाबांचं मोटारी भरायचं दुकान होतं. जळालेल्या पंपांमधली, पंख्यांमधली करपलेली तार उपसायची आणि नवी तांब्याची तार वेढ्यावर वेढा देत भरायची. भरायचं काम तिचं. तिची बोटं तारेवर अशी चालत, जशी एखादीची सुईवर चालतात. पण ऐन रंगात आलं की वीज जायची, यंत्र थांबायचं, वेढ्यांचा आकडा हुकायचा आणि सगळी गुंडाळी उलगडून पुन्हा पहिल्यापासून. वर्षानुवर्षं हेच. शेवटी एक दिवस ती वाऱ्यालाच म्हणाली – थांब मेल्या, तू नेतोस ना, तूच आणून देशील!

"म्हणून पहिला दिवा जिन्यात लावणार आहे," तिने सांगितलं.

"लावाच," कपाळावरच्या टेंगळावर हात ठेवत तो म्हणाला. मग त्याने पातं उलटंपालटं केलं, डाव्या हाताच्या अंगठ्याने त्याची कड पाहिली आणि मान हलवली. "पत्र्याला वारा कळत नाही. तो नुसता ओरडतो. पातं लाकडाचं हवं... पोटाशी जाड, टोकाशी पातळ, आणि अंगात थोडा पीळ. मी देऊ का कोरून?"

"तुम्ही?"

"सुतार आहे. खिडक्यांचा. वाचनालयाच्या सगळ्या खिडक्या वाजतात म्हणून बोलावलंय मला. वाचणाऱ्यांना वाटतं, कुणी दार ठोठावतंय."

"आणि फुटलेल्या तावदानाचं?"

"ते राहू दे. सगळ्यात शेवटी बघू."

*

त्याची सायकल तिच्या घराच्या बोळात लागू लागली, कारण वाचनालयाच्या दाराशी वारा ती आडवी पाडायचा. सायकलच्या मागे हत्यारांची पेटी, पेटीवर वळकटी. तेवढाच त्याचा संसार. एका गावच्या खिडक्या, दुसऱ्या गावचे दरवाजे, तिसऱ्या गावचे जिने. काम संपलं की पुढे.

"पायाला भिंगरी आहे मेल्याच्या," आत्या म्हणाली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती गच्चीवर गोधड्या शिवत बसायची आणि दोन टाक्यांच्या मध्ये जगातल्या प्रत्येक गोष्टीवर आपलं मत द्यायची. "अशा माणसाला पाणी द्यावं, जीव देऊ नये."

"आत्या, कुणी जीव दिलाय?"

"मी आपली सुईशी बोलतेय." आणि दोरा दाताने तोडून ती गुणगुणायची,

*वाऱ्याला नाही दार गं, वाऱ्याला नाही घर,*
*वाऱ्यावर ठेवी जीव, तिला झोप ना रातभर...*

काम आटोपलं की संध्याकाळी तो वर यायचा. जिन्यातल्या वळणावर "आई गं" व्हायचं. आत्या वर न बघताच म्हणायची, "आले." मग तो कठड्याला टेकून बसायचा, हलक्या लाकडाची फळी मांडीवर घ्यायचा, आणि डाव्या हातातली पटाशी चालू लागायची. लाकडाचे कुरळे काप निघायचे, वारा ते उचलून तिच्या केसांत नेऊन टाकायचा. ती काढत राहायची, आणि काढताना मुद्दाम त्याच्याकडे बघायची नाही.

"असं का बघता?" एकदा त्याने विचारलं.

"कसं?"

"हेच... न बघितल्यासारखं."

"तार मोजतेय मी. बोलू नका, आकडा हुकेल."

हुकलेलाच होता. जिला झोपेतही वेढे मोजता येत, तिचा आकडा आताशा भर उजेडात हुकायचा. दुपारी दुकानात बसून ती तार गुंडाळायची, आणि समोर शिडीवर तो दिसायचा – एक पाय पायरीवर, एक हवेत, ओठांत खिळे. वाचनालयाच्या सगळ्या खिडक्यांना आता काचा होत्या. फक्त ती एक, कवितांच्या कपाटाजवळची, उघडीच. तिथे त्याने गोणपाट लावलं होतं, आणि दिवसा ते गुंडाळून वर बांधलेलं असायचं.

तिच्या अंगात कसली तरी कळ फिरत होती. ना दुखणं, ना सुख. भांडं घासायला घेतलं की खाली ठेवावंसं वाटे, ठेवलं की घ्यावंसं. वेणी घालायची आणि सोडायची. खिडकी लावायची, उघडायची. वाचनालयाची एकेक खिडकी वाजायची थांबत होती. गावाला तेवढंच बरं वाटत होतं, आणि हिच्या छातीत मात्र तीच सगळी झडपं येऊन वाजू लागली होती. खिडक्या संपल्या, की...

"बाय," एके दुपारी बाबा म्हणाले, "या पंपात तू दुप्पट तार भरलीस."

"मजबूत राहील, बाबा."

"झाकणच बसत नाही गं."

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, समोरच्या शिडीकडे पाहिलं, चष्मा परत नाकावर घेतला. ते फार बोलणारे नव्हते. त्यांनी मुकाट्याने जास्तीची तार उपसायला घेतली.

त्या संध्याकाळी तिने विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, "एका गावात कधी राहावंसं नाही वाटलं?"

पटाशी थांबली नाही, पण मंदावली. "राहायला कुणी म्हटलं पाहिजे ना. काम संपतं, लोक म्हणतात, छान झालं. मी म्हणतो, जातो."

"जातो म्हणू नये," आत्या गोधडीतून बोलली. "येतो म्हणावं. निघताना शब्द तरी गोड असावा."

"जिथे परत यायचं नाही, तिथे खोटं कशाला बोलू, आत्या?"

आत्याची सुई थबकली. उत्तर ऐकून नव्हे, पोरीच्या हातातलं तारेचं रीळ घरंगळत थेट कठड्यापर्यंत गेलं म्हणून.

*

पाती झाली. काय सुंदर झाली होती! पक्ष्याने उडता उडता पंख विसरून जावेत तशी. तिने भरलेल्या तारेच्या कॉइली राळेत बसल्या होत्या, लोहचुंबकं चकतीवर चिकटली होती, बॅटरी जिन्याच्या तोंडाशी ठेवली होती, आणि वळणावर, त्या तुळईच्या बरोबर शेजारी, एक छोटा दिवा टांगला होता. त्याने पाती दांड्यावर चढवली, तिने नट आवळला, दोघं मागे सरले.

वारा आला. आधी त्याने पातं नुसतं हुंगलं. मग ढकललं. मग... भिर्र! तिन्ही पाती एकमेकांत विरघळून गेली आणि तिथे नुसतं एक पांढुरकं वर्तुळ थरथरत राहिलं.

"लागला! दिवा लागला गं!" खालून आत्या ओरडली.

ती त्याच्याकडे वळली. तोही वळला होता. दोघांना काहीतरी म्हणायचं होतं, आणि दोघांनी एकदमच तोंड उघडलं...

खट्‌.

नट निसटून घरंगळला. वर्तुळ दांड्यावरून सुटलं, गच्चीभर नाचलं आणि आत्याच्या गोधड्यांच्या ढिगात जाऊन रुतलं.

"नट नीट आवळला नव्हता," तो म्हणाला.

"मी? मी नट आवळला नाही? पाती जड झालीत तुमची!"

"पाती तोलून घेतलीत मी. केसाचाही फरक नाही."

"मग आवळा तुम्हीच!"

त्याने आवळला. दात-ओठ खाऊन, पान्यावर अख्खा भार टाकून. पुन्हा वारा, पुन्हा भिर्र, पुन्हा दिवा... आणि थोड्याच वेळात पुन्हा खट्‌! या खेपेला गोधड्या वाचल्या, पाण्याच्या टाकीवर टणत्कार झाला.

"झालं समाधान?" ती कडाडली. "तुझी पातीच अवलक्षणी! तुझ्यासारखीच! एका जागी म्हणून टिकायचं नाही!"

वारा एकटाच बोलत राहिला. 'तुझी' हा शब्द दोघांच्या मध्ये असा पडला होता, की उचलावा तरी पंचाईत, राहू द्यावा तरी पंचाईत.

"मी... आत्ता तुम्हाला अरे-तुरे..."

"राहू दे ना," तो हळूच म्हणाला. "बरं वाटलं."

ती घाईघाईने वळली आणि कारण नसताना नट हातात घेऊन दांड्यावर फिरवू लागली. बसवायचा तर असा... काढायचा तर असा... आणि तिचा हात थबकला. टाकीपाशी पडलेली पाती त्याने तोवर उचलून दांड्यावर नुसती अडकवली होती, ती वाऱ्याने हलकेच वळत होती. तिने पात्यांकडे पाहिलं, पान्याकडे पाहिलं, पुन्हा पात्यांकडे.

"इकडे ये. बघ. नट काढायला पाना ज्या बाजूला फिरवतो, त्याच बाजूला तुझी पाती फिरतात. वाराच नट सोडवतोय! पाती उलटी झालीत... डावी."

त्याने पाहिलं. मग तो जो हसत सुटला, तो खाली बसूनच थांबला. "उस्ताद! अहो उस्ताद, काय करून ठेवलंत!"

"कोण उस्ताद?"

"ज्यांनी शिकवलं ते. मी हा असा डावखुरा. ते म्हणाले, शेजारी बसशील तर तुझं कोपर मला लागेल, समोर बैस आणि बघ. समोर बसून शिकलो... आरशात बघून शिकावं तसं. त्यांचा उजवा तो माझा डावा. तू काढून दिलेलं चित्र मी बरोबर वाचलं, पण हाताने आपल्या सवयीने उलटं कोरलं. खिडकीला चालून जातं गं. तिला दोन झडपं असतात, एक उजवं, एक डावं. याला..."

"याला एकच बाजू."

"नवी कोरायला हवीत. उजवी." त्याने पातं मांडीवर घेतलं आणि बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. हसू कुठे गेलं कळलं नाही. "पण... उद्या सकाळी निघायचं आहे मला. पुढच्या गावी जिने वाट बघतायत. फक्त ते एक तावदान राहिलंय, ते आज बसवतो. पाती कोरून पाठवली तर चालतील?"

"नको," ती म्हणाली.

"का?"

"नको म्हणजे नको."

तो खाली गेला. वळणावर "आई गं" झालं. आत्याने "गेले" म्हटलं नाही.

ऊन उतरायच्या आत समोरच्या खिडकीतलं गोणपाट निघालं. काच बसली. तो लांबी भरत होता, अंगठ्याने दाबत, काठाकाठाने. ती कठड्याला टेकून बघत होती. इतके दिवस त्या उघड्या चौकोनातून त्याला सरळ ही गच्ची दिसत असली पाहिजे, हे तिला आत्ता, काच बसल्यावर कळलं. सगळ्यात शेवटी बघू, असं तो म्हणाला होता. पहिली फुटलेली, सोपी, चार चिमट्या लांबीची खिडकी... आणि ती शेवटी!

वाचनालय गप्प झालं. एकही झडप वाजेना. अशी शांतता, की जिवाला नुसते चटके. ती वर गेली, खाली आली. दुकानात गेली, पाना घेतला, ठेवला. पुन्हा बोळात आली. बोळात त्याची सायकल भिंतीला टेकून उभी होती, पेटी बांधून तयार. वाऱ्याने तिचं पायडल थोडं हललं... डावं पायडल.

ती तिथेच खिळली.

आणि मग स्वतःशीच म्हणाली, "अगं वेडे!"

*

पहाटे वाऱ्याचा जरा डोळा लागतो. तेवढाच वेळ वीज जायची भीती नसते आणि माणसाला माणसाचं बोलणं धड ऐकू येतं.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"सायकलचं डावं पायडल, बाबा. दांडीसकट. सगळ्या जगाचे आटे उजवे, फक्त याचेच डावे. पाय मारून मारून सुटू नये म्हणून तसे केलेले असतात. पायडलचा आस आपल्या दांड्याला वेल्ड करायचा आणि याच्या दांडीचं भोक कापून त्याचा नट करायचा. मग वारा फिरवील तसा तो सुटणार नाही, उलट आवळत जाईल."

"ते कळलं. कुणाचं आहे?"

ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागली.

"चोरीचा माल मी वेल्ड करत नाही," बाबा म्हणाले.

"चोरी नाही, बाबा."

"मग?"

"...विचारणं आहे."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. चष्मा कपाळावर गेला, परत आला. मग त्यांनी वेल्डिंगची काळी काच तोंडापुढे धरली आणि त्या काचेआडूनच म्हणाले, "विचारायची ही पद्धत तुझ्या आईची. लग्नाआधी माझी छत्री लपवली होती तिने. भर पावसात दोन तास बसवून ठेवलं होतं मला."

ठिणग्या उडाल्या.

सूर्य कठड्यावर आला तेव्हा वाऱ्याने कूस बदलली. फांद्या हलल्या, कुठेतरी पत्रा खडखडला, तारा विव्हळल्या... आणि आज सकाळीच वीज गेली. गच्चीवर ती एकटी उभी होती. वर पाती फिरत होती, डावीकडून, आपल्याच तालात. नट जागचा हलत नव्हता.

खाली बोळात सायकल हलवल्याचा आवाज आला. मग थांबला. मग बराच वेळ काहीच नाही. आता चिडेल. आता हाक मारील, आत्या बाहेर येईल, अख्खी आळी गोळा होईल, आणि मी...

जिना वाजला. एकेक पायरी. वळण आलं... आणि "आई गं" ऐकूच आलं नाही! पावलं तिथे क्षणभर थांबली. दिव्यापाशी. मग वाकून, तुळई चुकवून, वर आली.

तो दारात उभा राहिला. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं, मग बराच वेळ वरच पाहत राहिला. पात्यांच्या मधोमध त्याच्या सायकलच्या दांडीचा चकचकीत तुकडा गरगरत होता.

"माझं पायडल," तो म्हणाला.

"हो."

"सायकलच्या दुकानात नवं मिळतं. चौकात दुकान आहे."

"माहीत आहे."

"दांडीसकट मिळतं."

"तेही माहीत आहे."

"मग माझंच का?"

वाऱ्याने तिच्या बटा तोंडावर आणल्या. तिने त्या बाजूला केल्या नाहीत. त्यांच्या आडून बोलणं सोपं होतं.

"दुकानातलं आणलं असतं, तर दुकानदार थांबला असता," ती म्हणाली. "मला... दुकानदार नको होता."

पाती बोलत होती, भिर्र भिर्र. तिला वाटलं, आता आपण कठड्यावरून उडी मारावी किंवा निदान गोधड्यांत तोंड खुपसावं.

"काढून देते," ती घाईघाईने म्हणाली. "रागावू नको. पाना इथेच आहे. वारा थांबला की लगेच..."

"तुझ्या गावचा वारा कधी थांबतो?"

"...नाही थांबत."

"आणि जितका वाहील तितका नट घट्ट होत जाणार."

"हो."

"म्हणजे निघायचं नाही."

"नटाचं म्हणतोयस?"

"नटाचंही." तो पुढे आला. तिच्या केसांत कालपासून अडकून राहिलेला लाकडाचा एक कुरळा काप त्याने डाव्या हाताने अलगद काढला. टाकला नाही, मुठीत धरला. "आजवर इतक्या गावांत राहिलो. कुणी माझी पेटी उचलून दिली, कुणी शिदोरी बांधून दिली. सायकल कुणी मोडली नव्हती गं."

"मोडली नाही... लंगडी केली."

"रात्रभर मीही निजलो नाही. म्हटलं, सकाळी वर जाऊन सांगावं. पण सांगायचं काय, तेच जमेना. मला निघायची सवय. राहतो कसं म्हणतात, ते कुणी शिकवलंच नाही."

"समोर बैस," ती म्हणाली. "मी शिकवते."

तो खरंच बसला. कठड्याला पाठ लावून, तिच्या समोर, मांडी घालून. दोघं इतके हसले की आत्याला वर यावं लागलं. तिने फिरणाऱ्या चाकाकडे पाहिलं, खाली बसलेल्या सुताराकडे पाहिलं, पोरीच्या तोंडाकडे पाहिलं.

"सांगून ठेवते," ती म्हणाली, "त्या तुळईला आता कापूस बांधू नका. जावयाने वाकूनच यावं."

"आत्या!" दोघंही ओरडले.

पुढच्या गावचे जिने मात्र खोटे नव्हते. कबूल केलेलं काम होतं, आणि कबूल केलेलं तो टाकत नसे. ते तिलाही आवडलं असतं का, टाकलं असतं तर? नसतं आवडलं. दुपारच्या गाडीने जायचं ठरलं. पेटी खांद्यावर, सायकल बोळातच, एका पायावर.

तिने त्याला जिन्याच्या तोंडापर्यंत सोबत केली. वर वारा पिसाळला होता, गावात वीज नव्हती, आणि त्या जुन्या काळोख्या जिन्यात पहिल्यांदाच सगळ्या पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या. झिजलेल्या, मधोमध खोलगट झालेल्या, वर्षानुवर्षांच्या. तिच्या अंगातली ती कळ अजून तशीच होती. फक्त आता तिला दिशा सापडली होती. ती एकाच बाजूला फिरत होती.

तो उतरू लागला. वळणावर वाकला, तुळईखालून गेला, आणि दिव्याच्या उजेडात मागे वळला. तोंड उघडलं... थांबला. इतक्या वर्षांची सवय जिभेवर आली होती. तिला दिसली ती. त्याने ती गिळली.

"येतो," तो म्हणाला.

"ये," ती म्हणाली.